टर्बोची ऑइल फीड आणि रिटर्न लाइन स्वतः बनवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर, अथणी आणि पार हल्याळपर्यंतचे गॅरेजवाले, ट्रॅक्टरमालक आणि आपल्या गाडीवर स्वतः हात चालवणारे लोक हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूवर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा; फीड लाइन त्याला ऑइल पुरवते, रिटर्न ते परत इंजिनात आणते. आपल्या भागात कसबाला तोटा नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथ आहे, होज क्रिंप करून (टोक यंत्रानं दाबून बसवून) देणारे आहेत, आर्गॉन वेल्डिंगवाले आहेत. पण हे सगळे हात हायड्रॉलिकवर तयार झालेले, त्यामुळे डोक्यात पहिला विचार येतो प्रेशरचा. टर्बोच्या लाइनला प्रेशर फारसं नसतंच. तिथं उष्णता, उतार आणि आतली स्वच्छता सांभाळावी लागते, आणि खालची बहुतेक उत्तरं फिरून याच तीन गोष्टींवर येतात. तेच तेच परत लिहायला नको म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. फीड लाइन आणि रिटर्न लाइन यांत फरक काय? दोन्हींतून ऑइलच जातं ना?

ऑइल तेच, पण जाताना त्याची अवस्था वेगळी आणि येताना वेगळी. फीडमध्ये इंजिनच्या ऑइल पंपाचं प्रेशर असतं: गरम इंजिन स्लो रेसवर असताना साधारण १ ते १.५ बार, रेस वाढवली की ३ ते ५ बार, आणि पहाटे गार इंजिनला त्याहून थोडं जास्त. म्हणून फीड बारीक चालते, आतून ४ ते ६ मिमी.

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतो. साध्या बुशच्या टर्बोत तो ऑइलच्या थरावर तरंगत असतो आणि बुश-शाफ्टमधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांची असते. या फटीतून बाहेर पडलं की ऑइलचं प्रेशर संपलं. ताक घुसळताना वर येतो तसा फेस होऊन ते खाली पडतं, आणि नुसत्या आपल्या वजनानं चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) उतरतं. मागून ढकलणारं काही नसतं. म्हणून रिटर्न जाड, आखूड आणि सतत उताराची लागते.

२. लाइन स्वतः बनवावी का? कंपनीची मिळत असेल तर तीच घेऊ?

कंपनीची मिळत असेल आणि परवडत असेल तर तीच घ्या. तिचे बाक, तिचे क्लॅम्प त्या इंजिनाच्या थरथरीचा विचार करून ठरवलेले असतात. गाडी वॉरंटीत असेल किंवा सायलेन्सरमध्ये धूर गाळणारा फिल्टर असलेली बीएस-६ डिझेल असेल, तर हातची लाइन टाकूच नका. टर्बोतून ऑइल पुढं गेलं तर तो फिल्टर खराब होतो, आणि त्याचा खर्च लाइनच्या कितीतरी पट आहे.

स्वतः बनवायची वेळ येते ती जुन्या गाड्यांना, पार्ट बंद झालेल्या इंजिनांना, टर्बो बदलून दुसऱ्या मापाचा बसवताना, आणि पंपाच्या किंवा जनरेटरच्या इंजिनांना.

कायद्याचंही विचारतात. टर्बो मुळातच असलेल्या इंजिनाची लाइन बदलणं ही दुरुस्ती आहे. बिनटर्बोच्या गाडीला टर्बो लावणं हा मात्र गाडीतला बदल आहे, आणि मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ त्याच्या आड येतं. पाटी केए-२२ असो, केए-२३ असो की घाटापलीकडची एमएच-०९, कायदा एकच. विम्याच्या दाव्यातही हे निघतं.

३. उद्यमबागेत दहा मिनिटांत हायड्रॉलिक होज क्रिंप करून मिळते, तीही ४०० बारची. टर्बोला ५ बार लागतात. मग ती का चालत नाही?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. वरवर पाहिलं तर हिशेब बरोबर वाटतो. पाव इंची दोन जाळीच्या होजचं कामाचं प्रेशर खरंच ४०० बारच्या आसपास असतं, एका जाळीच्या होजचं सव्वादोनशे. पण तिच्या आतला रबर नायट्राइल जातीचा असतो आणि त्याची उष्णतेची मर्यादा साधारण १०० अंश सेल्सियस आहे. जेसीबीच्या बूमला तेवढं पुरतं. टर्बोजवळ मात्र ऑइलच शंभरीला टेकलेलं असतं, वरून हातभर अंतरावर मॅनिफोल्ड (इंजिनातला जळका वायू गोळा करणारं बिडाचं नळकांडं) असतो, आणि भरल्या ट्रॉलीनिशी चढ चढताना तो ५००-६०० अंशांवर जातो. त्याची धग होजवर सतत पडत राहते.

अशी वापरलेली होज कधी तरी उभी चिरून बघा. बाहेरून नवी दिसते, छपाईसुद्धा वाचता येते. आतला रबर मात्र टणक झालेला असतो, नखानं दाबला तर खूण उठत नाही, आणि वाकवला की बारीक चिरा उघडतात. टर्बोकडच्या टोकाला, निपलच्या कडेला, खपल्या सुटलेल्या दिसतात. त्यातली एक खपली फीडच्या भोकात गेली की टर्बोला ऑइल बंद. होज फुटलेली नसते, गळतही नसते, म्हणून तिच्यावर कोणाला शंका येत नाही. टर्बो बसतो आणि बोल टर्बोला लागतो.

४. मग दुकानात नेमकं काय मागू?

फीडसाठी आतून टेफ्लॉन आणि बाहेरून स्टेनलेस स्टीलची जाळी असलेली होज मागा. टेफ्लॉन साधारण २६० अंशांपर्यंत टिकतं. माप पाव इंच, म्हणजे होजवाल्यांच्या भाषेत चार नंबर. लहान बॉल बेअरिंग टर्बोला तीन नंबरही पुरतो.

घेताना तीन गोष्टी बघा. टेफ्लॉन होजची टोकं रबराच्या होजपेक्षा वेगळी असतात. हातानं आवळायच्या टोकात आत पितळेची बारीक कडी येते, ती टेफ्लॉनच्या नळीवर आणि जाळीच्या आत बसते. रबराच्या होजचं टोक तसंच आवळून दिलेलं असेल तर ते आज ना उद्या निसटणार. क्रिंप करणार असाल तर दुकानदाराकडे टेफ्लॉनची डाय आणि फेरूल आहे का ते आधी विचारा.

दुसरं म्हणजे बाक. चार नंबरच्या होजला साधारण ५० मिमी त्रिज्येपेक्षा घट्ट वाकवू नका. टेफ्लॉनला एकदा मोड पडली की ती पुन्हा सरळ होत नाही. मोड पडलेला तुकडा टाकूनच द्यायचा.

तिसरं म्हणजे जाळी. स्टीलची जाळी ज्याला घासते त्याला कानशीसारखी खाते: वायरिंग, डिझेलचा पाइप, अॅल्युमिनियमचं कव्हर, काहीही. रबर लावलेले क्लॅम्प टाका, किंवा जाळीवर प्लास्टिकचं आवरण असलेली होज घ्या आणि टर्बोकडचा भाग उष्णतारोधक बाहीत घाला (प्रश्न १९).

५. होज बरी की लोखंडी पाइप?

दोन्ही टोकं इंजिनावरच असतील तर माझं मत स्टीलच्या पाइपला. ब्लॉक आणि टर्बो एकत्रच हलतात, त्यामुळे लवचीकपणाची गरज कमी, आणि स्टीलला उष्णतेचं भय नाही. ६ मिमी बाहेरचा, १ मिमी जाडीचा बिनजोड पाइप घेतला की आतून ४ मिमी मिळतात. मोठ्या टर्बोला ८ मिमीचा.

एक गोष्ट मात्र हमखास विसरली जाते. मॅनिफोल्ड तापला की लांबतो आणि त्याच्यावर बसलेला टर्बो थोडा सरकतो. दोन टोकांमध्ये ताठ सरळ पाइप लावला तर तो ताण फ्लेअरच्या (पाइपाच्या शंकूसारख्या पसरवलेल्या टोकाच्या) मुळाशी येतो आणि तिथंच चीर जाते. म्हणून पाइपला एखादा मोठा वळसा ठेवा आणि मधे एक क्लॅम्प ब्लॉकला बांधा. फिल्टर किंवा पंप चॅसीवर असेल तर त्या टप्प्यात होजच हवी.

पाइप वाकवायला बेंडर वापरा. आपल्याकडे पाइपात कोरडी वाळू ठोकून तो गॅसवर वाकवायची पद्धत आहे. सायलेन्सरला ती ठीक. ऑइलच्या पाइपात वाळूचा एक कण राहिला तरी तो थेट बेअरिंगमध्ये जातो. इथं ती पद्धत नको.

६. फ्रिजवाल्याकडचा तांब्याचा पाइप पडून आहे. किंवा जीआयचा?

दोन्ही नकोत. तांबं थरथरीनं टणक होत जातं आणि फ्लेअरपाशी तुटतं. शिवाय गरम ऑइल लवकर बिघडवण्यात तांब्याचा हातभार असतो. जीआयच्या आतला जस्ताचा थर गरम ऑइलात सुटतो.

७. फीडचं ऑइल कुठून घ्यायचं?

फिल्टरच्या पुढून, म्हणजे गाळलेलं ऑइल जिथून मुख्य गॅलरीत जातं तिथून. बहुतेक जण ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी बसवतात, आणि ते चालतं. पण स्विच काढून तिथं नुसती फीड जोडू नका. टीच्या एका तोंडाला स्विच राहिलाच पाहिजे, नाहीतर लाइन फुटली तरी मीटरवरचा लाल दिवा लागणार नाही. टी पितळेची आणि लांबुळकी असेल तर तिच्या टोकाला लटकणारा जड सेंडर (मीटरला प्रेशर कळवणारा) थरथरीनं टीच मोडतो. सेंडर जड असेल तर तो छोट्या होजनं बाजूला नेऊन बांधा.

हेडवरून, रॉकर शाफ्टच्या वाटेवरून फीड घेऊ नका. तिथं प्रेशर आधीच उतरलेलं असतं.

८. आटे बसतात, दोन-तीन फेरे छान जातात, पण नंतर अडकतं किंवा गळतं. टॅप चुकला का?

टॅप नाही, बहुधा माप चुकलंय. या जागी तीन जातीचे आटे येतात आणि तिन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. १/८ बीएसपीचा बाहेरचा व्यास ९.७३ मिमी आणि इंचाला २८ आटे. १/८ एनपीटीला इंचाला २७ आटे, तोही निमुळता. एम १० बाय १ चा व्यास १० मिमी आणि आट्यांतलं अंतर १ मिमी. एकाचा बोल्ट दुसऱ्यात सुरुवातीला सहज जातो, आणि पाना लावून पुढं रेटला की ब्लॉकचे आटे जातात. ब्लॉक बिडाचा. त्याची दुरुस्ती म्हणजे मोठा टॅप आणि बुश.

जपानी घराण्याच्या इंजिनांवर बहुधा बीएसपी दिसतो, युरोपीय घराण्याच्या इंजिनांवर मेट्रिक. पण यावर विसंबू नका. आट्यांचा गेज काही महाग नाही. मूळ स्विच काढून त्याच्या आट्यांवर गेज ठेवा आणि उजेडाकडे धरा. पात्याच्या दातांमधून उजेड दिसला नाही तर माप बरोबर. तोच स्विच खिशात घालून फिटिंगच्या दुकानात जा.

९. आट्यांना टेफ्लॉन टेप लावू का? लाल सिलिकॉन पेस्ट?

फीडच्या बाजूला दोन्ही नको. टेपचा धागा आट्यांच्या टोकाशी कापला जातो, ऑइलबरोबर वाहत जातो आणि पुढच्या सगळ्यात बारीक भोकावर आडवा बसतो. ते भोक बँजो बोल्टचं (ऑइल जाऊ देणारा पोकळ बोल्ट) असतं किंवा रेस्ट्रिक्टरचं (ऑइल कमी करणारं बारीक भोकाचं बूच). बँजो बोल्ट काढून आडव्या भोकातून बघितलं की पांढरा तंतू चिकटलेला दिसतो, एवढासाच, पण ऑइलची वाट अर्ध्याहून जास्त अडवलेली असते. सिलिकॉनची बाहेर आलेली कड गरम ऑइलात सुटते आणि तोच उद्योग करते.

सरळ आट्यांना तांब्याचं वॉशर किंवा डाउटी सील (आतून रबराची कड असलेलं धातूचं वॉशर) लावा. बँजोला दोन वॉशर लागतात, एक वर, एक खाली, आणि दर वेळी नवे. नवे नसतीलच तर जुने वॉशर लालसर होईपर्यंत तापवून गार करा, म्हणजे मऊ पडतात. निमुळत्या आट्यांना पातळ लिक्विड सीलंट चालतं, तेही टोकाचे दोन आटे सोडून. फ्लेअर जोडावर तर काहीच लावायचं नाही. तिथं धातूवर धातू बसतो.

१०. फ्लेअर ३७ अंशांचा की ४५ चा?

जेआयसी आणि एएन या जातींच्या फिटिंगला ३७ अंश. ब्रेकवाल्याकडच्या आणि फ्रिजवाल्याकडच्या टूलचा फ्लेअर ४५ अंशांचा असतो. तो ३७ च्या फिटिंगवर नुसत्या एका कडेनं टेकतो. आवळल्यावर दाबला जातो, गार असताना गळत नाही, आणि तापला की घाम सुटावा तसं ऑइल दिसू लागतं. पाइप कापायला ट्यूब कटर वापरा, आतली कड साफ करा, आणि फ्लेअर मारायच्या आधी नट पाइपात घाला. फ्लेअर नीट बसलाय का ते पाहायला एकदा आवळून उघडा: शंकूवर सगळीकडे सारखी चकचकीत कडी उमटली पाहिजे. कुठं तुटलेली दिसली तर कापून पुन्हा मारा.

चार नंबरचा नट हातानं बसेल तेवढा बसवून मग पान्यानं साधारण एक तृतीयांश फेरा, म्हणजे षटकोनाच्या दोन बाजू. त्याहून जास्त आवळून गळती थांबत नाही, फ्लेअर पातळ होतो.

११. रेस्ट्रिक्टर लावायचा की नाही? कोणी लाव म्हणतं, कोणी नको.

दोघंही आपापल्या टर्बोपुरते बरोबर आहेत. बुशच्या टर्बोला भरपूर ऑइल लागतं, त्याला सहसा रेस्ट्रिक्टर नको. आपल्याकडच्या पिकअप, जीप, ट्रॅक्टर, टेम्पो यांचे टर्बो बहुतेक याच जातीचे. बॉल बेअरिंगच्या टर्बोला ऑइल कमी लागतं आणि जास्त झालं तर ते सीलमधून बाहेर येतं. त्याला साधारण १ मिमी भोकाचा रेस्ट्रिक्टर लागतो, आणि पुष्कळ टर्बोंत तो आतच बसवलेला असतो. आत असताना बाहेरून दुसरा लावला तर टर्बो उपाशी राहतो. फीडच्या तोंडात बॅटरीचा उजेड टाकून बघा.

ऑइल फेकणाऱ्या बुशच्या टर्बोला ‘थोडं ऑइल कमी करू’ म्हणून रेस्ट्रिक्टर लावायचा सल्ला गावोगाव दिला जातो. त्यानं धूर खरंच कमी होतो, आणि बुश जळतं. धुराचं मूळ कुठं असतं ते प्रश्न १४ मध्ये आहे.

१२. रिटर्न किती जाड आणि किती उताराची हवी?

आतून १६ ते १९ मिमी, म्हणजे दहा किंवा बारा नंबर. लहान टर्बोला १२-१३ मिमीवर भागतं, पण जागा असेल तर मोठीच घ्या. रिटर्न जाड झाली म्हणून कोणाचा टर्बो बिघडल्याचं ऐकिवात नाही.

टर्बोचं रिटर्नचं तोंड सरळ खाली हवं. ओळंब्यापासून फार तर ३५ अंश तिरकं चालतं. टर्बोचं मधलं घर फिरवता येतं, त्यामुळे मॅनिफोल्डला बसवताना फीड वर आणि रिटर्न खाली येईल असं आधी फिरवून घ्या. नंतर होजला पीळ देऊन जुळवू नका.

तिथून चेंबरपर्यंत लाइन सतत उतरती पाहिजे. कुठंही सपाट नको, आणि खाली जाऊन पुन्हा वर चढणारी तर अजिबात नको. तसा खोलगट भाग राहिला की तिथं ऑइल साचतं, वरचा फेस अडतो आणि टर्बोचं घर भरून जातं. घाटात गाडी पुढून उचलली जाते हेही धरा. सपाट जागेवर जेमतेम उतार असलेली रिटर्न तवंदी किंवा चोर्ल्याच्या चढाला आडवी होते. म्हणून लाइन इंजिनाच्या लांबीच्या दिशेनं फार पसरू देऊ नका.

फिटिंगमध्येही बघा. काटकोनी एल्बोचं आतलं भोक कित्येकदा होजपेक्षा बारीक असतं. १९ मिमीची होज घेऊन १२ मिमीचा एल्बो लावला तर रिटर्न १२ मिमीचीच झाली. वळण घ्यायचंच असेल तर गोल वाकवलेला पाइप घ्या.

१३. चेंबरला रिटर्नचं भोक कुठं पाडायचं?

ऑइलच्या पातळीच्या वर. डिपस्टिकची वरची खूण चेंबरवर बाहेरून आखून घ्या आणि भोक त्याच्या वर राहील असं बघा. पातळीखाली सोडलं तर रिटर्नमध्ये ऑइल उभं राहतं आणि फेस उतरत नाही. क्रँक ज्या बाजूला ऑइल भिरकावतो त्या बाजूच्या अगदी समोरही नको.

चेंबर खाली काढूनच भोक पाडा. ड्रिलला ग्रीस लावलं की बुरा चिकटून बाहेर येतो, चेंबर काढायची गरज नाही, असं सांगणारे भेटतील. थोडा बुरा आत जातोच, आणि स्ट्रेनरमधून जाण्याइतका बारीक असेल तो पंपाचे दात ओरबाडतो. पत्र्याच्या चेंबरला बंग (आटे असलेलं बुश) वेल्ड करा, अॅल्युमिनियमच्या चेंबरला आर्गॉन. वेल्डिंगनंतर पॅकिंगची कड सपाट राहिली का ते काचेवर ठेवून बघा.

१४. नवा टर्बो बसवला तरी महिन्याभरात ऑइल फेकायला लागला. टर्बोच खराब निघाला का?

निघूही शकतो, पण आधी हे समजून घ्या. टर्बोच्या शाफ्टला इंजिनाच्या क्रँकसारखी रबराची ऑइल सील नसते. दोन्ही बाजूंना पिस्टन रिंगसारख्या बारीक कड्या असतात. एका बाजूनं पंख्यानं दाबलेल्या हवेचं आणि दुसऱ्या बाजूनं सायलेन्सरच्या वायूचं प्रेशर त्यांना साथ देतं म्हणून ऑइल आत राहतं. घर ऑइलनं भरलं किंवा आतलं प्रेशर वाढलं की त्या कड्या ऑइल अडवू शकत नाहीत. टर्बो शंभर टक्के चांगला असला तरी तो फेकणार.

म्हणून टर्बो काढायच्या आधी दोन गोष्टी बघा. रिटर्न काढून आतून तपासा. जुन्या रिटर्नमध्ये काळं, कोळशासारखं कडक ऑइल चिकटून भोक निम्मं झालेलं असतं. फ्लँजचं (लाइन बोल्टनं जोडणाऱ्या पट्टीचं) पॅकिंग भोकावर आलंय का तेही बघा. हातानं कापलेल्या पॅकिंगचं भोक बहुधा लहान पडतं.

दुसरं म्हणजे ब्रीदर, म्हणजे चेंबरमधल्या वाफा बाहेर सोडणारी नळी. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढा. फुस्स करून जोरात वाफा येत असतील तर एक तर ब्रीदर तुंबलाय किंवा पिस्टनच्या रिंग गेल्यात. चेंबरमधलं ते प्रेशर रिटर्नमधून उलटं वर चढतं आणि खाली येणाऱ्या फेसाला अडवतं. ब्रीदर साफ करणं फुकटातलं काम आहे. रिंग गेल्या असतील तर कितीही टर्बो बदला, धूर तोच.

हे दोन्ही ठीक असेल, आणि शाफ्ट हातानं वर-खाली हलवल्यावर पंखा घराला घासत असेल, तर मात्र टर्बो गेला. तो का गेला हे शोधल्याशिवाय दुसरा बसवू नका, आणि फीड पाइप नवाच घाला. जुन्यात तार फिरवून कोळसा पूर्ण निघत नाही. काही इंजिनांच्या बँजो बोल्टमध्ये बारीक जाळीही असते, ती तुंबलेली तशीच राहते.

१५. रिटर्नला सिलिकॉनची निळी होज छान बसते. चालेल?

ती पाण्यासाठी आणि हवेसाठी. साधं सिलिकॉन गरम ऑइलात फुगतं, मऊ पडतं, आणि त्यातून ऑइल झिरपतं. आतून फ्लोरोसिलिकॉनचा थर असलेली मिळाली तर चालेल. नाहीतर व्हायटॉनची होज घ्या, ती साधारण २०० अंशांपर्यंत टिकते. उत्तम म्हणजे दोन्ही बाजूंनी धातूचा पाइप आणि मधे बोटभर व्हायटॉनचा जोड. पाइपाच्या टोकांना उठाव काढून घ्या म्हणजे क्लिपमधून निसटणार नाही. रेडिएटरची होज तर अजिबात नको.

१६. फ्लँज वेल्ड करून घेतली. आता लगेच बसवू?

थांबा. आधी फ्लँज सपाट करा. पातळ पट्टी वेल्डिंगच्या उष्णतेनं वाकते, म्हणून मुळातच ८ मिमी किंवा जास्त जाडीची घ्या आणि वेल्डिंगनंतर लेथवर एक हलका कट मारून घ्या. मग पाइपाच्या आतून ब्रश फिरवा. वेल्डिंगचे मणी, खपली, पितळ मारलं असेल तर फ्लक्सची काच, सगळं निघालं पाहिजे. डिझेलनं धुवा, हवा मारा, पांढऱ्या फडक्याचा बोळा तारेनं आरपार ओढा, आणि फडकं काळं यायचं थांबेपर्यंत हे करत राहा. हवा मारताना चष्मा घाला. तयार लाइनच्या दोन्ही टोकांना बूच लावून ठेवा. लेथच्या टेबलावर उघडी पडलेली लाइन पुन्हा धुवावी लागते.

१७. बसवायच्या आधी टेस्ट कशी करू?

फीडला हायड्रॉलिकवाल्याच्या टेस्ट बेंचवर किंवा हातपंपानं ऑइल भरून १५ बारला दहा मिनिटं ठेवा. कॉम्प्रेसरच्या हवेनं टेस्ट करू नका. जोड सुटला तर दाबलेली हवा टोक गोळीसारखं फेकते, ऑइल नुसतं टपकतं. रिटर्नला प्रेशर टेस्टची गरज नाही. एक टोक बंद करून डिझेल भरा आणि रात्रभर टांगून ठेवा.

१८. पहिल्यांदा चालू करताना काय करायचं?

फीडच्या तोंडातून टर्बोत स्वच्छ इंजिन ऑइल ओता आणि पंखा हातानं फिरवा. लाइन जोडा. मग डिझेल बंद ठेवून, किंवा इंजेक्टरचं कनेक्शन काढून, नुसता स्टार्टर मारा. एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मधे विश्रांती. ऑइलचा दिवा विझला की मग इंजिन चालू करा आणि मिनिटभर स्लो रेसवरच राहू द्या. या काळात रेस देऊ नका. कोरड्या बुशवर पहिल्या काही सेकंदांत झालेली झीज भरून निघत नाही. इंजिन गरम झाल्यावर बंद करून सगळे जोड कोरड्या फडक्यानं पुसा, थोडं चालवा, पुन्हा बघा.

१९. मॅनिफोल्डजवळून लाइन न्यावीच लागते. आणि घाट चढून हॉटेलवर थांबलो की लगेच इंजिन बंद करतो, त्यानं काही होतं?

शक्य तितकं अंतर ठेवा, आणि मधे पत्र्याची आड लावा, लाइन आणि पत्रा यांत हवा खेळती राहील अशी. त्यावर फायबरग्लास किंवा बेसाल्टची बाही. जुन्या गॅरेजमध्ये अॅस्बेस्टॉसची दोरी अजून सापडते. तिचे तंतू फुप्फुसात जातात, ती गुंडाळू नका. बाही ऑइलनं भिजली असेल तर बदला. भिजलेली बाही वातीचं काम करते.

इंजिन लगेच बंद करण्याबद्दल: हो, होतं. ऑइलचा प्रवाह थांबतो, पण तापलेल्या टर्बाइनची उष्णता बेअरिंगच्या घरात येत राहते आणि तिथं अडकलेलं ऑइल भाजून कोळसा होतो. प्रश्न १४ मधला कोळसा असाच तयार होतो. घाट चढून आल्यावर एक-दोन मिनिटं स्लो रेसवर चालू ठेवा.

२०. गळीत हंगामात भरल्या ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर रस्त्यात आहे आणि फीड फुटली. फीडचं तोंड बंद करून कारखान्यापर्यंत जाऊ का?

नाही. फीड बंद केली तरी सायलेन्सरचा वायू टर्बोला फिरवतच राहतो. कोरडा टर्बो काही मिनिटांत जातो, आणि पंख्याचे तुकडे इंजिनात गेले तर इंजिनही. इंजिन बंद करा, ट्रॉल्या दुसऱ्याला जोडा.

अगदीच अडलं तर हायड्रॉलिकची होज मॅनिफोल्डपासून लांबून फिरवून, ऑइल पातळीला आणून, रिकामा ट्रॅक्टर हळू घरी नेता येईल. त्याच दिवशी ती होज काढायची. उद्या बघू म्हटलं की ती हंगामभर राहते.

हंगामाआधी एक फीड लाइन तयार करून, टेस्ट करून, टोकांना बूच लावून टूलबॉक्समध्ये ठेवा. सोबत वॉशरचे दोन जोड. आणि मॅनिफोल्डवर साचलेलं पाचट रोज झाडा. कोरडं पाचट, गळणारी फीड आणि तापलेलं बीड एकत्र आलं की आग लागते, आणि ट्रॅक्टरबरोबर मागचा ऊसही जातो.

२१. माझा टर्बो इतका खाली बसलाय की रिटर्नला उतारच मिळत नाही.

मग उतारावर चालणारी लाइन तिथं होणारच नाही. टर्बोखाली छोटी टाकी ठेवून तिथून ऑइल ओढणारा पंप लावावा लागतो. पंप गरम, फेसाळ ऑइल ओढू शकेल असाच हवा. डिझेलचा किंवा पाण्याचा इलेक्ट्रिक पंप यात टिकत नाही. पंप बंद पडला की टर्बो लगेच भरतो, म्हणून त्याला दिवा किंवा बझर लावा. बहुतेक वेळा मॅनिफोल्ड नवा करून टर्बो वर घेणं स्वस्त आणि खात्रीचं पडतं. उद्यमबागेत फ्लँज कापून मिळतात, बाकी आर्गॉनवाल्याचं काम.

२२. ऑइल फेकता फेकता इंजिन आपोआप रेस व्हायला लागलं, किल्ली काढली तरी बंद होईना. असं का?

टर्बोतून आलेलं ऑइल इनटेकमधून सिलिंडरमध्ये गेलं आणि डिझेल इंजिन त्यावरच चालू लागलं. डिझेल तोडून उपयोग होत नाही, हवा तोडावी लागते. गाडी जागेवर असेल तर वरचा गिअर टाका, ब्रेक पूर्ण दाबा आणि क्लच सोडा, म्हणजे इंजिन दाबून बंद होईल. आधी पुढं-मागं माणूस नाही ना ते बघा. इनटेकचं तोंड उघडं असेल तर त्यावर जाड लाकडी फळी किंवा पत्रा घट्ट दाबा. हात लावू नका, फडकंही नको. ते आत ओढलं जातं. यातलं काहीच जमत नसेल तर इंजिनापासून लांब व्हा आणि लोकांना लांब करा.

बंद झाल्यावर पुन्हा स्टार्टर मारू नका. इंटरकूलर आणि त्याचे पाइप काढून त्यात साचलेलं ऑइल पूर्ण ओतून घ्या, नाहीतर दुरुस्त केलेला टर्बो बसवूनही पहिल्याच रेसला तेच होईल.